ब्रँड नंतर, आधी बोर्ड उघडून बघा

तुम्ही लिहिलंय की नाशिकला नवीन टू बीएचकेचा ताबा मिळालाय, पीओपीवाला दोन आठवड्यांत काम चालू करणार, आईबाबा सोबत राहणार. घरात आधीचा एक एको डॉट (अलेक्साचा छोटा स्पीकर) आणि तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे सहा वायफाय बल्ब आहेत, अमेरिकेतला भाऊ दिवाळीला येताना स्मार्ट स्विच घेऊन येतो म्हणतोय, आणि एका माणसानं अख्खं घर स्मार्ट करायचं पॅकेज १ लाख ८० हजारांना दिलंय. आणि शेवटी विचारलंय, "सगळं एकमेकांशी जुळेल असा एकच ब्रँड सांगा."

असा ब्रँड नाहीये. आणि असता तरी मी घ्या म्हटलं नसतं, का ते पुढे येईलच.

मी पुण्यात वायरिंगची कामं घेतो, पंधरा वर्षं झाली, त्यातली शेवटची सातेक वर्षं निम्मी कामं ह्या स्मार्टच्याच भानगडीची आहेत. लोक जेव्हा "जुळेल का" विचारतात तेव्हा त्यांच्या डोक्यात अ‍ॅप असतं, म्हणजे हा बल्ब त्या अ‍ॅपमध्ये दिसेल का, अलेक्साला कळेल का. ते बहुतेक वेळा जमतं हो, आज नाही जमलं तर उद्या अपडेट येऊन जमतं. जुळत नाही ते भिंतीतल्या वायरशी, आणि तिथे अपडेट येत नसतो, तिथे छिन्नी लागते. आणि दुसरं जुळत नाही ते घरातल्या माणसांशी. तुमच्याकडे पीओपी आणि रंग व्हायचाय म्हणजे भिंतीचं काम अजून हातात आहे, म्हणून मी तिथूनच सुरू करतो.

उद्या वायरमनला बोलवा आणि मेन बंद करून प्रत्येक बोर्ड उघडून बघा की आत न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी काळी वायर, आहे का. साधा स्विच फक्त फेज तोडतो आणि जोडतो, त्याला न्यूट्रलची गरजच नसते, म्हणून जुन्या वायरमनांनी तो बोर्डात आणलाच नाही, फेज खाली स्विचला आणि न्यूट्रल वरच्या वर दिव्याला. स्मार्ट स्विच किंवा साध्या स्विचमागे बसणारं छोटं स्मार्ट सर्किट, म्हणजे मॉड्यूल, मात्र चोवीस तास जागं असतं, त्याला स्वतःला जगायला करंट लागतो, त्यासाठी न्यूट्रल हवा. आपल्याकडे एक बरं आहे की बहुतेक बोर्डांवर एखादा सॉकेट असतोच आणि सॉकेट आला की न्यूट्रल आलाच. यूट्यूबवर परदेशी लोक न्यूट्रल नाही म्हणून रडतात तेवढं आपल्याला रडावं लागत नाही. पण तुमच्याकडे नक्की अडेल ते तीन ठिकाणी, बाथरूमच्या बाहेरचा नुसत्या स्विचांचा बोर्ड, पलंगाशेजारचे टू-वे (दोन जागांवरून एकच दिवा चालवणारे स्विच), आणि पॅसेजमधला एकटा स्विच. तिथे आत्ताच एक जादा काळी वायर ओढून घ्या. पाइपात जागा असली तर अर्ध्या दिवसाचं काम आहे. रंग झाल्यावर हेच काम सांगाल तर वायरमन आधी भिंतीकडे बघेल, मग तुमच्याकडे.

न्यूट्रलशिवाय चालणारे स्विच मिळतात, ते घेऊ का असं लोक विचारतात. ते दिव्यातूनच थोडा थोडा करंट खेचून जगतात. पूर्वी ६० वॅटचा बल्ब होता तेव्हा कोणाला कळायचं नाही, आता ५ वॅटचा एलईडी असतो, तो बंद केला तरी अंधारात मिणमिणतो नाहीतर चमकतो. त्यावर उपाय म्हणून दिव्याजवळ एक छोटा कपॅसिटर लावतात, आणि तो लागू पडतो. पण पंख्याला वगैरे हे करू नका, आणि नवीन घरात तर अजिबात नको.

दुसरी गोष्ट, बॉक्स किती खोल आहे. बिल्डरनं बसवलेला मेटलचा कन्सिल्ड बॉक्स पुष्कळदा इतका उथळ असतो की स्विच आणि वायरीच कशाबशा दाबून बसवलेल्या असतात, मागे मॉड्यूल घालायला जागा कुठाय? मग माणूस ते कोंबतो, प्लेट नीट बसत नाही, आणि गरम होतं ते वेगळंच. शिवाय पत्र्याच्या डब्यात मॉड्यूल बसवलं की त्याचा सिग्नल मरतो, हे कोणी सांगत नाही. जिथे बॉक्स बदलायचेत तिथे खोल आणि पीव्हीसीचे घ्या.

आता इन्व्हर्टरचं सांगतो, कारण हे मी स्वतः खाल्लेलं आहे. तुमच्याकडे इन्व्हर्टर असेल किंवा पुढे घ्याल तर एकाच बोर्डात दोन फेज येतात, दिवे-पंख्याला इन्व्हर्टरचा आणि सॉकेटला साधा मेनचा. चार स्विचांचं जे मॉड्यूल मिळतं त्याला आत येणारा फेज एकच असतो, चारही त्यावरच चालतात. आमच्या पोरानं एका घरात दोन्ही फेज त्या एका टर्मिनलला एकत्र आवळले. आणि गंमत म्हणजे सगळं मस्त चाललं, मी पण बघून आलो, कारण मेन लाइट असते तेव्हा इन्व्हर्टर तोच फेज पुढे सोडत असतो, फरक कळतच नाही. संध्याकाळी लाइट गेली आणि तो बिचारा इन्व्हर्टर घरातला फ्रिज आणि एसी सगळं उचलायला गेला, ओव्हरलोडची शिट्टी वाजत बसली, क्लायंटचा फोन. त्यात धोका नुसता इन्व्हर्टरला नाही, असा उलटा करंट बाहेर लाइनवर गेला तर तिथे काम करणाऱ्या माणसाच्या जिवाशी गाठ. तेव्हापासून मी मॉड्यूल निवडायच्या आधी कागदावर प्रत्येक बोर्ड काढतो, कुठला स्विच कुठल्या फेजवर, आणि ज्या बोर्डात दोन फेज आहेत तिथे दोन लहान मॉड्यूल लावतो. पैसे थोडे जास्त जातात, जाऊ देत.

ह्या सगळ्यात ब्रँडचं नाव अजून आलं नाही, आणि अर्धी निवड झाली सुद्धा.

आता बल्ब की स्विच. तुमचे सहा स्मार्ट बल्ब आहेत, छान आहेत, पण आईबाबा सोबत राहणार आहेत ना? मग हे वाचा. कोथरूडला एका घरी मुलानं हॉलभर स्मार्ट बल्ब लावले, आजी रात्री झोपायला जाताना सवयीनं भिंतीवरचे सगळे स्विच बंद करायच्या. बल्बची वीजच गेली, मग सकाळी अ‍ॅपमध्ये सगळे ऑफलाइन, मुलगा चिडचिड करत सगळे स्विच परत चालू करणार, आणि शेवटी त्यानं स्विचांवर सेलोटेप लावली. मी गेलो तेव्हा आजींनी मला ती टेप दाखवली आणि म्हणाल्या, "बघा, स्वतःच्या घरात दिवा लावायची चोरी झालीय." मी टेप काढली, बल्ब साधे लावले आणि स्विचच्या मागे मॉड्यूल बसवलं. बटण दाबलं की दिवा लागतो, फोनवरून पण लागतो, कुणी काही शिकायची गरज नाही. म्हणून माझा नियम, मुख्य दिवे-पंखे असतील तिथे स्मार्टपणा स्विचमागे. बल्ब फक्त टेबल लँप, टीव्हीमागची पट्टी, देवघराचा कोपरा, जिथे रंग किंवा मंद उजेड खरंच पाहिजे तिथे. तुमचे सहा तिथे वापरून टाका, फेकू नका. आणि ते तीन कंपन्यांचे आहेत म्हणता, पण त्यातले दोघं आतून एकच असायची शक्यता आहे. बाजारातल्या पुष्कळ स्वस्त बल्बच्या आत टुया नावाच्या कंपनीचंच सगळं असतं, बाहेर नुसतं नाव वेगळं. अ‍ॅप उघडून बघा, रंगरूप सारखंच वाटलं तर ते स्मार्ट लाइफ नावाच्या अ‍ॅपमध्ये एकत्र येऊ शकतात, रिसेट करून जोडून बघा.

पंखा ही खास आपली डोकेदुखी. साधा पंखा आणि स्टेप रेग्युलेटर असेल तर पंख्यासाठी वेगळा चॅनल असलेलं मॉड्यूल घ्या, त्यात आत कपॅसिटर असतात, स्पीड त्यानं बदलते. दिव्याचा डिमर पंख्याला लावला तर पंखा गुरगुरतो आणि काही दिवसांनी तक्रार येते की झोप लागत नाही. पंखा बीएलडीसी (कमी वीज खाणारा, रिमोटवाला) असेल तर त्याला रेग्युलेटर नाही, डिमर नाही, काहीच नाही, नुसता चालू-बंद आणि स्पीड त्याच्या रिमोटनं. बीएलडीसीमध्ये वायफायवाले मॉडेल येतात ते घ्या, किंवा रिमोटचा सिग्नल नक्कल करणारा आयआर ब्लास्टर लावा. आधी पंखे ठरवा मग मॉड्यूल, उलटं केलंत तर चार पंख्यांची मॉड्यूलं वाया गेलेली मी बघितली आहेत.

एसीला पण आयआर ब्लास्टरच पुरतो, फक्त लक्षात ठेवा की तो आंधळा असतो. तो सिग्नल मारतो, एसी चालू झाला का नाही ते त्याला कळत नाही, मधे पडदा आला की संपलं, आणि भिंतीपलीकडे जात नाही म्हणजे खोलीला एक. गीझर मात्र नीट ऐका. २ किलोवॅटचा गीझर जवळजवळ ९ अँपिअर खेचतो, ३ किलोवॅटचा १३. दिव्याच्या मॉड्यूलवर १० अँपिअर लिहिलेलं असतं ते बघून लोक गीझर त्यावर टाकतात, आणि अर्धा अर्धा तास सतत तेवढा करंट गेला की आतला रिले (करंट तोडणारा-जोडणारा छोटा स्विच) भाजतो, वास आल्यावर कळतं. १६ अँपिअरचं वेगळं मॉड्यूल घ्या, मी तर मोठ्या गीझरला मधे कॉन्टॅक्टर, म्हणजे जास्त करंट झेलणारा मोठा स्विच, टाकतो म्हणजे मॉड्यूल फक्त हुकूम देतं आणि ओझं दुसरा उचलतो. आणि अख्ख्या घरात एकच ऑटोमेशन करायचं असेल तर हे करा, गीझर २० मिनिटांनी आपोआप बंद. वीजबिलात फरक दिसेल असं एवढंच एक आहे, बाकी सगळी हौस.

आता भाषेकडे येतो, वायफाय, झिग्बी, थ्रेड, मॅटर. इथे लोकांचा फार गोंधळ असतो कारण चार नावं एका रांगेत ठेवतात, पण ती एका रांगेतली नाहीत. वायफाय, झिग्बी आणि थ्रेड हे रस्ते आहेत, म्हणजे सिग्नल कसा जातो. मॅटर ही बोली आहे, रस्त्यावरून जाताना काय बोलायचं ते. अ‍ॅपल, गूगल, अ‍ॅमेझॉन, सॅमसंग ह्यांनी मिळून ती ठरवली, पहिली आवृत्ती ऑक्टोबर २०२२ ला आली, आणि ती वायफायच्या रस्त्यावर पण चालते आणि थ्रेडच्या पण. झिग्बीचं तसं नाही, त्याची बोली त्याच्यातच आहे, त्याला मॅटरमध्ये आणायचं तर मधे दुभाष्या लागतो, म्हणजे ब्रिज किंवा हब.

मॅटरचा फायदा खरा आहे. एकच स्विच अलेक्सात पण आणि भावाच्या आयफोनमध्ये पण एकाच वेळी जोडता येतो, आणि हुकूम घरातल्या घरात फिरतो, कंपनीच्या सर्व्हरवरून फिरून येत नाही. पण खोक्यावर मॅटरचं चिन्ह आहे म्हणजे सगळंच जुळलं असं समजू नका. मॅटरमधून फक्त ठरलेल्या गोष्टी जातात, चालू-बंद, उजेड, रंग, असं. कंपनीनं स्वतःचं काही खास दिलं असेल तर त्यासाठी तिचंच अ‍ॅप लागतं. सुरुवातीच्या आवृत्तीत कॅमेरे तर नव्हतेच. आणि खोक्यावर "मॅटर ओव्हर थ्रेड" असेल तर घरात थ्रेडचा बॉर्डर राउटर, म्हणजे थ्रेडला घरच्या नेटवर्कशी जोडणारं उपकरण, लागतो, तो आयफोनवाल्यांच्या होमपॉड मिनी स्पीकरमध्ये आहे, चौथ्या पिढीच्या मोठ्या एकोत आहे, तुमच्या डॉटमध्ये नाही. म्हणजे तुम्ही थ्रेडचा सेन्सर आणाल, मॅटरचं चिन्ह बघून आणाल, आणि तो जोडलाच जाणार नाही, मग म्हणाल मॅटर भंगार आहे.

मग वायफाय की झिग्बी? हे घरावर आहे खरं. टू बीएचकेत दहा-बारा मॉड्यूल लावायची असतील तर वायफाय चालून जातं, हब नको, खर्च कमी. पण नेटवाल्यानं फुकट दिलेल्या राउटरवर बल्ब, मॉड्यूल, कॅमेरे, टीव्ही, फोन मिळून तीस-पस्तीस झाले की तो मान टाकतो, आणि मग लोक स्विच कंपनीला शिव्या देतात. एक चांगला राउटर स्वतःचा घ्या. ही स्वस्त उपकरणं जवळपास सगळी २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात, म्हणून जोडताना अडचण आली तर राउटरमध्ये २.४ चं वेगळं नाव काढून बघा, निम्म्या वेळा तिथेच सुटतं. आणि एक फुकटचा सल्ला, उद्या राउटर बदललात तर नवीन राउटरला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड ठेवा, सगळं आपोआप परत जोडलं जातं, नाहीतर स्टुलावर चढून एकेक मॉड्यूल रिसेट करत रविवार जातो.

सेन्सर मात्र झिग्बीचे घ्यावेत असं माझं मत. दाराचे, हालचालीचे, पाणी गळतीचे, हे बॅटरीवरचे असतात आणि वायफाय बॅटरी खातो. झिग्बीत एक लक्षात ठेवायचं की विजेवर चालणारी उपकरणं सिग्नल पुढे ढकलतात आणि बॅटरीवरची ढकलत नाहीत, म्हणून नुसते दहा सेन्सर आणि एक हब असं केलंत तर आरसीसीच्या दोन भिंतींपलीकडचा सेन्सर सारखा गायब होईल. मधे दोन झिग्बी प्लग टाका. आणि झिग्बी पण २.४ मध्येच बोलतो, वायफायच्या शेजारी, म्हणून वायफाय चॅनल १ वर बांधून झिग्बी २५ वर ठेवला की दोघं भांडत नाहीत. कॉम्प्युटरला झिग्बीचा डोंगल लावणार असाल तर यूएसबीची हातभर केबल मधे टाका, यूएसबी ३ च्या पोर्टजवळ इतका गोंगाट असतो की डोंगल बहिरा होतो. मी ह्याच्यावर दोन दिवस घालवलेत, केबल टाकली आणि पाच मिनिटांत सगळं जागेवर.

सेन्सरवरून आठवलं, बाथरूममध्ये हालचालीचा साधा पीआयआर लावू नका, माणूस शांत बसला की दिवा जातो आणि आतून हाका येतात. आणि पीआयआर शरीराची उष्णता हलताना बघतो, त्यामुळे मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे भिंतीच शरीराइतक्या तापल्या की तो मंद पडतो. तिथल्या एका पाहुण्यांना मी हे आधी सांगितलं नव्हतं, नंतर फोनवर ऐकून घ्यावं लागलं. एमएमवेव्हचे, म्हणजे रडारवाले, सेन्सर शांत बसलेला माणूस पण पकडतात, पण ते फिरता पंखा आणि हलता पडदा पण माणूस समजतात, जागा बघून लावावे लागतात. गॅसचा लावणार असाल तर सिलिंडर आहे का पाइप गॅस ते बघा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो, सेन्सर जमिनीजवळ. पाइपचा हलका, वर जातो, सेन्सर छताजवळ. उलटा लावलेला सेन्सर म्हणजे शोभेची वस्तू.

भावाला काय सांगायचं? स्विच आणि बल्ब अजिबात आणू नको. तिकडे १२० व्होल्ट, इकडे २३०, पहिल्या चटक्यात जातील, आणि त्यांच्या स्विचची पट्टी आपल्या बॉक्सात बसतच नाही. झेड-वेव्हचं पण काही नको, तो झिग्बीसारखाच आणखी एक रस्ता आहे, पण त्याची फ्रिक्वेन्सी देशागणिक वेगळी, अमेरिकेत ९०८.४२ मेगाहर्ट्झ आणि भारतात ८६५.२, एकाला दुसऱ्याचं ऐकूच येत नाही. बॅटरीवरचे झिग्बी सेन्सर आणू दे, तो रस्ता जगभर सारखाच आहे. अ‍ॅडॉप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर होमपॉड मिनीसारखं काही आणलं तरी चालेल.

आता ते १ लाख ८०. जास्त आहे का कमी हे मी बोर्ड न बघता सांगणार नाही. त्या माणसाला एवढंच म्हणा की तुम्ही आधी केलेलं एक घर दाखवा. तिथे गेल्यावर राउटरची बाहेरून येणारी इंटरनेटची वायर काढायला लावा, वायफाय चालूच ठेवायचं. आता भिंतीवरचं बटण दाबा, दिवा लागला पाहिजे. अ‍ॅपमधून दाबा, बऱ्या सिस्टीममध्ये लागतो, क्लाउडवर, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर, लटकलेल्यात नाही लागत. अलेक्सा बोलणार नाही, तिला इंटरनेट लागतंच, ते सोडून द्या. मग घरातल्या एमसीबी खाली पाडून परत वर करा आणि बघा काय होतं. काही मॉड्यूल लाइट परत आली की सगळं चालू करून ठेवतात, म्हणजे पहाटे तीनला लाइट आली की अख्खं घर दिवाळीसारखं उजळतं आणि सगळे उठून बसतात. "आधी जसं होतं तसंच" किंवा "बंद" अशी सेटिंग असायला पाहिजे, ती आहे का विचारा. गीझरला तर "बंद"च पाहिजे.

आणि खातं कोणाच्या ईमेलवर आहे हे विचाराच. इन्स्टॉलर स्वतःच्या ईमेलवर सगळं बनवतो आणि देऊन टाकतो, दोन वर्षांनी तो फोन उचलत नाही आणि तुमच्या घराची मालकी त्याच्याकडे. माझ्याकडे असं एक घर आलं होतं, एकवीस मॉड्यूल एकेक करून रिसेट केले.

एकच ब्रँड का नको म्हणालो ते इथे येतं. अमेरिकेत रिव्हॉल्व्ह नावाचा हब होता, गूगलच्या नेस्टनं ती कंपनी २०१४ ला विकत घेतली आणि २०१६ च्या मे महिन्यात सर्व्हर बंद केले, लोकांच्या घरातले हब नुसते डबे झाले. इन्स्टिऑन तर जुनी नावाजलेली स्मार्ट होम कंपनी, २०२२ च्या एप्रिलमध्ये एक दिवस सर्व्हर गेले, आधी सांगितलं पण नाही. नंतर जुन्या ग्राहकांनीच ती विकत घेऊन परत सुरू केली, पण मधे ज्यांची वेळापत्रकं बंद पडली त्यांचं काय. एवढ्या मोठ्यांचं असं होतं तर आपल्या गल्लीतल्या पॅकेजवाल्याचं अ‍ॅप दहा वर्षं चालेल हे मी कशाच्या जोरावर सांगू? वायरिंग वीस-पंचवीस वर्षं टिकतं, अ‍ॅप पाच वर्षं टिकलं तरी नशीब. म्हणून मॉड्यूल असं घ्या की अ‍ॅप मेलं तरी बटण चालेल, आणि घरातल्या घरात बोलणारं घ्या, म्हणजे मॅटर असेल, झिग्बी असेल, किंवा शेली कंपनीच्या मॉड्यूलसारखं वायफाय असेल जे स्वतःच्या क्लाउडशिवाय पण चालतं. मग वर कोणाचं अ‍ॅप ते महत्त्वाचं उरत नाही.

सगळं एका छताखाली आणायचं तर होम असिस्टंट नावाचं सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे, २०१३ पासून चालू आहे, जुन्या मिनी पीसीवर मस्त चालतं, टुया, झिग्बी, मॅटर सगळ्यांना एका टेबलावर बसवतं. पण तुम्हाला स्वतःला रात्री बसून खुडबुड करायची हौस असेल तरच. नसेल तर आत्ता नको, चांगली मॉड्यूलं लावा आणि अलेक्सावर चालवा, हौस आली की नंतर वरून लावता येतं, भिंत फोडावी लागत नाही. रास्पबेरी पाय नावाच्या छोट्या कॉम्प्युटरवर लावलंत तर मेमरी कार्डवर ठेवू नका, एसएसडी जोडा, कार्ड मरतं आणि बरोबर घरी पाहुणे असताना मरतं.

दाराचं कुलूप विचारलं नाहीत पण पॅकेजात असणारच. चावी चालणारं असेल तरच घ्या. आणि लाकडी दार पावसाळ्यात फुगतं, आपण खांद्यानं ढकलून कडी लावतो, स्मार्ट कुलपातल्या मोटरला खांदा नसतो, ती अडकते आणि बॅटरी संपवते. दार आधी सुताराकडून घासून घ्या. पीओपी व्हायच्या आत हॉलच्या छतात मधोमध आणि टीव्हीमागे नेटवर्कची एकेक केबल टाकून ठेवा, आणि राउटरचा सॉकेट इन्व्हर्टरवर घ्या, हे राहूनच जातं सगळ्यांचं.

एको डॉट ठेवा, बदलायची गरज नाही. तो झिग्बीचा हब नाहीये एवढं लक्षात असू द्या, वायफाय आणि वायफायवरचं मॅटर त्याच्यावर चालेल. तो हिंदी-इंग्रजीत ऐकतो, म्हणून खोल्यांची नावं देताना आईबाबांना बसवून द्या, ते जे म्हणतात तेच नाव टाका. आमच्या एका घरी मुलीनं "मास्टर बेडरूम सीलिंग लाइट" असं ठेवलं होतं, बाबा रोज "बेडरूमची लाइट" म्हणायचे आणि ती बया "सॉरी" म्हणायची. नाव बदललं, भांडण मिटलं.

बोर्ड उघडलेत की प्रत्येकाचा फोटो काढा, मेन बंद करून, आणि इथे टाका. बाथरूमबाहेरचा आणि पलंगाजवळचा आधी टाका, त्या दोनांवर किती मॉड्यूल लागतील ते ठरेल.